तीन श्वासांची मेमरी

अरे ऐका ना, मधे बोलू नका, नाहीतर माझं काहीतरी सांगायचं राहून जाईल.

जूनमधला शनिवार, घरी कॉम्प्युटर जुळवणाऱ्या हौशी लोकांचा मेळावा. आमच्या इसाल्मी गावच्या आइस हॉकीच्या हॉलमधला बर्फ काढलेला, खाली नुसतं सिमेंट, आणि त्यावर दोनशे टेबलं. प्रत्येक टेबलावर घरी जुळवलेला कॉम्प्युटर, खाली स्लीपिंग बॅग. आणि कोपऱ्यात एका टेबलापुढे रांग. आमच्याकडची रांग तुम्हाला माहितीये, दोघांमध्ये हातभर अंतर आणि कुणी कुणाशी बोलत नाही. पण त्या दिवशी लोक बोलत होते, म्हणजे कुजबुजत होते. एकाचं मशीन वर्षभर दर तासाला निळा पडदा दाखवून मरायचं, ते चार मिनिटांत बरं झालं म्हणे. पलीकडच्या काजानी गावाहून एक बाई मुलाचं मशीन मांडीवर घेऊन आली होती, लेकरू आजारी असावं तशी.

टेबलामागे साकारी. पन्नाशीचा, दाढी, गळ्यात तांब्याची जाड तार. आम्ही नंतर त्याला ताम्रबुवा म्हणायला लागलो, पण तेव्हा सगळे मास्टर म्हणायचे, आणि खरं सांगते, मीही म्हणायचे.

आता मेमरीचं थोडक्यात सांगते. कॉम्प्युटर हातातलं काम ज्या पट्ट्यांवर पसरून ठेवतो ती मेमरी. पट्टीचा सुरक्षित वेग एकवीसशे. वरच्या कागदावर छापलेला असतो छत्तीसशे, आणि तो आपला आपण चालू करायचा असतो. आम्ही तेवढ्यावर थांबत नाही, अजून ताणतो. मग मशीन अडखळतं. मग आठवडेच्या आठवडे एकेक आकडा बदलून बघायचं, पट्टी काढायची, घालायची, चाचणी लावायची. कंटाळवाणं काम आहे, पण तेच काम आहे.

साकारीकडे कंटाळा नव्हता. तो पट्ट्या काढायचा, तळहातावर ठेवायचा, डोळे मिटायचा. "दमलीये ही," म्हणायचा. "तुम्ही हिला पळवलंत, पण हिला कुणी विचारलं का?" मग पट्टीला पातळ तांब्याचं जाकीट चढवायचा, ते त्याच्याचकडे विकत मिळायचं. तांब्यातले कण म्हणे पट्टीतल्या कणांशी ओळख करून घेतात. पट्ट्या परत बसवल्या की मशीनला तीन श्वास द्यायचे. बटण दाबायचं, पंखे फिरले की बंद. पुन्हा दाबायचं, बंद. पुन्हा, बंद. चौथ्यांदा मशीन सरळ चालू. मग तो आपल्या पेनड्राइव्हवरचा छोटा प्रोग्राम लावायचा आणि पडद्यावर मोठा हिरवा आकडा यायचा: ३६००. मशीन अडखळत नाही, वेगही पूर्ण. लोक टाळ्या वाजवायचे. आमच्याकडचे लोक, टाळ्या!

शेवटी एक अट. चाळीस दिवस चाचणी लावायची नाही. "ओळख कच्ची असते तोवर," साकारी म्हणायचा. "रोज उठून तपासणाऱ्या नवऱ्याशी कुठली बायको नांदेल?" सगळे हसायचे.

त्या रांगेत आमचा इल्मो होता. इल्मोला तुम्ही ओळखत नाही. शांत मुलगा, लाकडाच्या वखारीत काम करतो. त्याची आई, हेल्वी. तीन वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं आणि तिचा आवाज गेला, कायमचा. ती वहीत लिहून बोलते. तर गावच्या संग्रहालयात अकरा टेप सापडल्या, मोठ्या चकत्यांच्या, ब्याऐंशी सालच्या. कुणीतरी गावोगाव फिरून गुरं हाकारणाऱ्या बायकांचे आवाज भरले होते. संध्याकाळी रानातून गाई परत बोलवायची ती लांब हाळी. नवव्या टेपवर हेल्वी. एकोणीस वर्षांची.

इल्मोने तो आवाज आयुष्यात कधी ऐकला नव्हता. म्हणजे आईचा ऐकला होता, पण तसला नाही.

टेप चिकट झाल्या होत्या. संग्रहालयाने त्या भट्टीत हलक्या आचेवर सुकवून दिल्या आणि बजावलं, एकदाच वाजतील, मागे तपकिरी भुकटी उरेल. इल्मोने हौसेने बांधलेलं मशीन तो आवाज त्यात उतरवून घ्यायला काढलं, आणि ते अडखळायला लागलं. तो आधी आमच्या हिल्काबाईंकडे गेला होता. बाई तंत्रशाळेत आम्हा दोघांना शिकवायच्या. त्या म्हणाल्या, वेग खाली आण, एकेक पट्टी घाल, रात्रभर चाचणी लाव, दोन दिवस लागतील. इल्मो "बरं" म्हणाला. आणि मी त्याला हॉलवर घेऊन गेले. मीच. हे मला गाळता आलं असतं, पण गाळत नाही.

मशीन बरं झालं. दहा दिवस इल्मो टेप वाजवत बसला. कानाला हेडफोन, थेट टेपच्या यंत्राला जोडलेला, त्यामुळे त्याला सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. प्रत्येक टेप भरून झाली की फाइलींचं घट्ट गाठोडं, म्हणजे झिप, करायचा आणि जागा करायला सुट्या फाइली पुसायचा. मशीन एकदाही बंद पडलं नाही. मला मेसेज करायचा, मास्टर खरंच मास्टर आहे.

आईला ऐकवायचा दिवस आला आणि गाठोडी उघडेनात. अकरातली सात. नववं त्यात.

हिल्काबाई त्याच दुपारी आल्या. ओरडल्या नाहीत. पेनड्राइव्हवरून चाचणी लावली, आणि कॉफी संपायच्या आत पडद्यावर लाल ओळी. दोनातली एक पट्टी मुळातच सदोष होती, जाकिटासकट. एकवीसशेवर मशीन मरत नव्हतं एवढंच. जे जे त्या पट्टीवरून जात होतं त्यातलं अधूनमधून काहीतरी गुपचूप बदलत होतं.

"एकवीसशे?" इल्मो म्हणाला. "माझं छत्तीसशेवर चालतं."

बाईंनी मशीनची मूळ सेटिंग उघडून दाखवली. एकवीसशे.

ऑगस्टच्या मेळाव्याला बाई हॉलवर आल्या. साकारीच्या रांगेत उभ्या राहिल्या, नंबर येईपर्यंत. सोबत एक अडखळणारं मशीन. साकारी पट्ट्या काढायला पुढे झाला तर म्हणाल्या, थांबा, मी करते. झाकणच उघडलं नाही. बटण दाबलं, बंद. दाबलं, बंद. दाबलं, बंद. चौथ्यांदा मशीन सरळ चालू.

मग बाई रांगेकडे वळल्या. "तीनदा चालू होतानाच बंद पडलं की मदरबोर्ड घाबरून आपला आपण सुरक्षित वेगावर जातो. हे तुमच्यातल्या कुणाला माहीत नाही?"

सगळ्यांना माहीत होतं. तेच तर. त्या हॉलमधल्या प्रत्येकाने हे शंभरदा बघितलंय, घरी, स्वतःच्या हाताने, शिव्या देत. पण दाढीवाल्याने त्याला श्वास म्हटलं आणि आम्ही ओळखलं नाही. हिरव्या आकड्याचंही तसंच. तो प्रोग्राम पट्टीवर छापलेला वेग वाचून दाखवायचा, प्रत्यक्ष धावण्याचा नाही. बाईंनी खरा वेग पडद्यावर दाखवला, एकवीसशे.

साकारी अगदी गोड बोलला. "मी शांत करतो म्हणालो होतो बाई. पळवतो कधी म्हणालो?"

"आणि चाळीस दिवस?"

"श्रद्धा नसेल तर तांबं काय करणार."

इल्मो माझ्याशेजारी उभा होता. तो पुढे गेलाच नाही. रांगेतला एकजण पुटपुटला, काही म्हणा, माझं मशीन तेव्हापासून बंद नाही पडलं. दुसरा बाईंना म्हणाला, तुम्हाला काय त्रास होता, लोक खूश होते की. अर्ध्या तासाने रांग परत लागली. थोडी छोटी, पण लागली. काजानीच्या बाईने जाकीट काढलं नाही. आता चढवलंच आहे तर राहू दे म्हणाली.

बाईंनी आणि इल्मोने तीन आठवडे खपून नवव्या गाठोड्यातून तेहतीस सेकंद बाहेर काढले. हेल्वी स्वयंपाकघरात बसून ऐकत होती. एक लांब, चढत जाणारा सूर, मग कर्रर्र, मग अर्धा शब्द, मग काहीच नाही. तिने ते चारदा ऐकलं. मग वहीत लिहिलं, "गाईचं नाव तुटलंय. कोणाला बोलवत होते मी?"

इल्मोला कुठून माहीत असणार. तिलाही आठवत नव्हतं.

म्हणून सांगते, मशीन असो नाहीतर माणसाचं दुखणं, तपासायला दोन दिवस लागत असतील तर ते दोन दिवस द्या. जो म्हणतो तपासू नका, त्याच्यासमोरच तपासा. त्याला राग आला तर येऊ दे. मी तेव्हा नुसतं "आधी चाचणी लावू" एवढं म्हटलं असतं तर पुरलं असतं.