प्रगतीचा रकाना

धाकटीने दुमडलेला टॉवेल ताईच्या उजव्या कोपराखाली सरकवला, चाकाच्या खुर्चीचा ब्रेक पुन्हा एकदा दाबून पाहिला आणि बाजूला झाली. खिडकीपाशी परीक्षक मांडीवर फॉर्म घेऊन बसले होते. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"श्वास घेत हात वर," धाकटी म्हणाली. "घाई नाही. जिथं थांबावंसं वाटेल तिथं थांबायचं."

"थांबावंसं मला सकाळपासूनच वाटतंय," ताई म्हणाली. "पण तुझी परीक्षा आहे."

परीक्षक हसले. ताईचा हात टॉवेलवरून सुटला. आधी मनगट, मग कोपर, असं करत सगळा हात थरथरत वर चढला आणि खांद्याच्या रेषेत येऊन थांबला. धाकटी मनातल्या मनात श्वास मोजत होती. पाचव्या श्वासाला हात खाली आला. ताईच्या कपाळावर घाम होता, पण चेहरा हसरा होता.

"बारा आठवड्यांपूर्वी काय स्थिती होती?" परीक्षकांनी विचारलं.

"मांडीपासून चार बोटंच उचलला जायचा," धाकटी म्हणाली आणि तिने वही पुढे केली.

वहीत तीन रकाने होते. तारीख, क्रिया आणि प्रगती. तिसरा रकाना तिने हिरव्या शाईने भरला होता, कारण तो भरताना तिला दुसरी कुठली शाई सुचतच नसे.

वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी धाकटीने योगशिक्षिका व्हायचं मनावर घेतलं, तेव्हा सगळ्यांत जास्त हसली होती ती ताईच. अभ्यासक्रमाला सगळ्या विशीतल्या मुली. त्या वाकल्या की कपाळ गुडघ्याला टेकायचं. धाकटीचे हात नडगीपर्यंत पोचायचे आणि तिथूनच पायांना रामराम करून परत यायचे. पण त्या अवघडलेल्या अवस्थेतच तिच्या डोक्यात आलं, की ज्यांना एवढंही वाकता येत नाही त्यांनी काय करायचं? मग तिने एकेक आसन घेऊन ते खुर्चीत बसून, भिंतीला टेकून, पलंगावर पडून कसं करता येईल ते मांडायला सुरुवात केली. योग सगळ्यांसाठी असतो असं पहिल्या तासाला सांगितलं होतं, आणि ती ते खरं धरून बसली. संस्थेचा नियम असा, की नेहमीच्या वर्गात येऊ न शकणारा एक विद्यार्थी निवडायचा, त्याला बारा आठवडे शिकवायचं, नोंदी ठेवायच्या. परीक्षक घरी येऊन पाहणार. पसंत पडलं, तर हातापायातली ताकद गेलेल्या लोकांसाठी दर सोमवारी वर्ग सुरू करायचा आणि तो धाकटीने घ्यायचा. आठ जणांनी आधीच नावं दिली होती.

"मला घे विद्यार्थी म्हणून," ताई म्हणाली होती. "अशी नामी केस तुला शोधून सापडायची नाही."

ताईने तीस वर्षं कपडे बेतले होते. चार वर्षांपूर्वी तिच्या हातातून कात्री निसटायला लागली, मग बोटं ऐकेनाशी झाली, मग पाय. स्नायू हळूहळू विरत जाणार, गेलेलं परत येणार नाही, असलेलं जपून वापरायचं, असं डॉक्टरांनी दोघींना समोर बसवून सांगितलं होतं. धाकटीने ते ऐकलं होतं. पण तिसऱ्या आठवड्यात ताईचा हात छातीपर्यंत आला आणि डॉक्टरांचं बोलणं तिच्या मनातून साफ उतरलं. डॉक्टरांना काय सगळंच कळतं, असं ती घरकामाच्या मावशींना म्हणालीसुद्धा होती. मावशींनी त्यावर पुढचं भांडं घासायला घेतलं होतं.

परीक्षकांनी वहीची शेवटची पानं सावकाश चाळली, खाली सही केली आणि ते उठले.

"इतक्या वर्षांत अशी वही पाहिली नाही," ते दारापाशी चपला घालत म्हणाले. "सोमवारच्या वर्गात हेच शिकवा, जसंच्या तसं. आणि बहिणीला एकदा घेऊन या. त्यांना बघून बाकीच्यांना हुरूप येईल."

"आणते ना," धाकटी म्हणाली. तिला आकाश ठेंगणं झालं होतं.

कप ठेवायला ती स्वयंपाकघरात गेली, तेव्हा मावशी दाराकडे पाठ करून ओट्याशी भांडी आपटत होत्या.

"झाली परीक्षा?"

"झाली. पास."

"मग आता बोलते," मावशी म्हणाल्या, पण वळल्या नाहीत. "तुम्ही तासाला चारला येता. त्या दिवशी तीन वाजल्यापासून ताई मला हात शेकायला लावतात. सकाळी केस विंचरायला मान उचलत नाहीत, जेवताना हात उचलत नाहीत. सगळा जोर चारसाठी राखून ठेवायचा. तुम्ही गेलात की हात असा पडतो, की दुसऱ्या दिवशी बोटसुद्धा हलत नाही. तुम्हाला सांगू नको म्हणून मला शपथ घातली होती."

धाकटीने कप ओट्यावर ठेवला. तो कलंडला, तिने सरळ केला.

"पण हात वर जात होता ना, मावशी?"

"जात होता की. पण आधी त्या आपल्या हाताने चमचा धरून खायच्या. तुमचा तास सुरू झाल्यावर दोन महिन्यांत ते गेलं. आता मी भरवते."

अठरा वर्षं धाकटीने चष्म्याच्या दुकानात काढली होती. समोरच्या पाटीवरची अक्षरं न दिसणारी माणसं अंदाजाने काहीतरी ठोकून देतात, ते ती आवाजावरून ओळखायची आणि त्यांना लाजवल्याशिवाय पुढची काच लावायची. सख्खी बहीण बारा आठवडे समोर बसून ठोकून देत होती आणि तिला काहीच कळलं नव्हतं. तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की काही वेळ ती तिथेच नळाकडे बघत उभी राहिली. मावशींनी नळ बंद केला तेव्हा ती बाहेर आली.

ताईचा हात मांडीवर उताणा पडला होता. बोटं अर्धवट मिटलेली होती. धाकटीचा चेहरा बघून ताई आधी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून चुकचुकली.

"मावशींच्या तोंडात तीळ भिजायचा नाही."

"का केलंस असं, ताई?"

"मग काय लिहिलं असतंस त्या तिसऱ्या रकान्यात?"

"जे खरं असेल ते लिहिलं असतं."

"आणि त्यांनी पास केलं असतं?"

धाकटी ताईच्या खुर्चीशी खाली बसली.

"सुरुवातीला नव्हतं गं तसं काही मनात," ताई म्हणाली. "एक दिवस जरा जोर लावला, हात वर गेला. तू एवढी खूश झालीस, एवढी खूश झालीस, की मग मला मागे फिरताच येईना."

"थोडं तरी बरं वाटायचं का? एकदा तरी?"

ताईने विचार केला. तिला खोटं बोलायचं नव्हतं, हे दिसत होतं.

"तू यायचीस, ते बरं वाटायचं."

धाकटीने टॉवेलची घडी मोडली आणि ताईचा हात त्यात गुंडाळून स्वतःच्या दोन्ही हातांत घेतला. तो बर्फासारखा गार होता. परीक्षकांना फोन करावा, सगळं सांगून टाकावं, असं तिला वाटलं. पण सांगितलं, तर ताईने चमचा घालवून कमावलेलं तेही गेलं. नाही सांगितलं, तर सोमवारी आठ जण तेच करायला बसणार. इकडे आड तिकडे विहीर. आणि त्या दोन्हींच्या मध्ये ती मोठ्या हौसेने स्वतःच्या पायांनी चालत आली होती.

"पण आता झालं ना सगळं?" ताईने हळूच विचारलं. लहान मुलीने विचारावं तसा तिचा आवाज झाला होता. "आता मला सुट्टी ना गं?"

"हो. सुट्टी," धाकटी म्हणाली. परीक्षकांनी वर्गात बोलावलंय, ते तिने सांगितलं नाही. ताईने डोळे मिटले आणि लगेच तिला झोप लागली.

त्या आठवड्यात धाकटीने तीनदा फोन उचलला आणि तीनदा ठेवला. चौथ्यांदा लावला. परीक्षकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तुमची बहीण मोठ्या जिद्दीची आहे, असं ते म्हणाले, आणि वर्ग ठरल्याप्रमाणे सुरू करा, लोक वाट बघताहेत.

सोमवारी आठही जण वेळेआधी येऊन बसले होते. खुर्च्या अर्धगोलात मांडल्या होत्या. कुणाला मुलीने आणलं होतं, कुणाला शेजाऱ्याने. एका काकूंनी ठेवणीतला स्वेटर घातला होता. धाकटी त्यांच्यासमोर उभी राहिली. घरून निघताना घोकलेलं तिने एका दमात म्हणून टाकलं.

"इथे कुणी काही करून दाखवायचं नाहीये. जमलं नाही तर जमलं नाही म्हणायचं. दमायला झालं तर थांबायचं. मला वाईट वाटणार नाही. मी काही लिहूनही घेणार नाही."

"हो, बाई," सगळ्यांनी माना डोलावल्या.

तिने सगळ्यांत सोपं तेच घेतलं. हात मांडीवर, तळवा वर, श्वास घेत मनगट जरासं उचलायचं. बस, एवढंच. मग ती एकेकासमोर जाऊन उभी राहिली.

"जमतंय का?"

"जमतंय."

"त्रास होतोय?"

"छे! मस्त वाटतंय."

आठांपैकी आठ जण हेच म्हणाले. ती प्रत्येकाच्या तोंडाकडे निरखून बघत होती आणि सगळे तिच्याकडे बघून प्रेमाने हसत होते. कोण खरं सांगतंय, ते तिला कळेना.

टोकाच्या खुर्चीत एक निवृत्त पोस्टमन बसले होते. त्यांचा खांदा थरथरत होता. धाकटी त्यांच्यापुढे गुडघ्यावर बसली.

"काका, पुरे. खाली घ्या हात."

त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ही बाई आपल्यावरून काळजीत पडली आहे, एवढं त्यांच्या ध्यानात आलं.

"काळजी करू नका, बाई," ते म्हणाले, आणि त्यांनी हात आणखी थोडा वर उचलला.