मोंबासातले अकरा गोल

१९५७च्या नोव्हेंबरात मी मोंबासाला गेलो. निदान घोडपदेवात, आमच्या चाळीत तरी तशी नोंद आहे. प्रत्यक्षात मी वरळीला होतो, बीडीडी चाळीत, मालनमावशीच्या खोलीत, पाण्याच्या पिंपाला पाठ लावून. घोडपदेवहून वरळी पायी तास-सव्वा तास. मोंबासाला बोटीने दहा-बारा दिवस. मी साडेतीन महिने लावले आणि तरी पोचलो नाही.

हे सांगताना मला लाज वाटते. थट्टेच्या सुरात सांगतोय म्हणून ती कमी असेल असं कोणी समजू नये. मला दुसरा सूर येत नाही, एवढंच.

मी गिरणीच्या फुटबॉल संघात लेफ्ट आऊट होतो. डाव्या कडेने पळत सुटायचं आणि चेंडू गोलासमोर टाकायचा, हे काम. ते मी अनवाणी करायचो तेव्हा लोक कामगार मैदानाच्या भिंतीवर चढून बघायचे. मग बूट सक्तीचे झाले. बूट घातल्यावर चेंडू माझ्या पायाला लागलाय की दुसऱ्याच्या, हेच मला कळेना. एकदा मी कॉर्नर मारला तर चेंडूबरोबर बूटही गेला. गोलकीपरने बूट अडवला, चेंडू बाहेर गेला, आणि पंचाने बराच विचार करून गोलकिक दिली.

त्यानंतर कॅप्टनने मला राखीव केलं. गिरणीतही मी बदलीच होतो. म्हणजे सकाळी फाटकाशी उभं राहून कोणी गैरहजर राहतंय का बघायचं, आणि संध्याकाळी मैदानाच्या कडेला बसून कोणाचा पाय मुरगळतोय का बघायचं. माणसाने इतकं दुसऱ्याच्या वाईटावर टपून राहू नये.

अशात माधवचं पत्र आलं. माधव म्हणजे अंबिकाबाईंचा मुलगा. अंबिकाबाईंची आमच्या चाळीत खाणावळ. आईवडील गावी असल्यामुळे मी सहा वर्षं दोन्ही वेळा तिथेच जेवत होतो. माधव चार वर्षांपूर्वी मोंबासाच्या गोदीत कामाला गेला आणि तिथे फिटर झाला. त्याने लिहिलं होतं की त्यांच्या वर्कशॉपच्या संघाला लेफ्ट आऊट पाहिजे, मैदान वाळूचं आहे, अर्धा संघ बिनबुटाचाच खेळतो. साहेबाजवळ त्याने माझ्यासाठी शब्द टाकला होता. नोकरी पक्की, बोटीचं तिकीटही साहेब पाठवणार होता.

जावं की राहावं? कॅप्टन म्हणाला, वर्षभर थांब, पाय शिकतील. खोलीतले म्हणाले, इथे मुंबईसाठी माणसं तुरुंगात जातायत आणि तू मुंबई सोडून चेंडूमागे जाणार? अंबिकाबाई म्हणाल्या, जा, इथे बुटात कुजशील. मला सगळ्यांचंच पटत होतं. मी अजून ठरवत होतो, तेवढ्यात कुशाबांनी माझा सत्कार ठेवला.

कुशाबा गिरणीत मुकादम आणि चाळीच्या समितीचे अध्यक्ष. सत्कार आधी करून टाकायचा अशी त्यांची पद्धत होती. गोष्ट घडून गेल्यावर लोक जमत नाहीत, म्हणायचे. मधल्या माळ्यावरच्या धोंडूचा मॅट्रिक पास झाल्याबद्दल सत्कार निकालाआधी पंधरा दिवस झाला होता. धोंडू तीन विषयांत गेला. पण शाल पांघरून झाली होती, फोटो निघाला होता, त्यामुळे चाळीत तो आजही मॅट्रिक पास आहे आणि कोणाची तार आली की त्यालाच इंग्रजी विचारतात. शाल समितीची. फोटो निघाला की परत.

माझ्या सत्काराला कुशाबा पाऊण तास बोलले. त्यातली चाळीस मिनिटं संयुक्त महाराष्ट्रावर. शेवटी म्हणाले, मुंबई तर आम्ही घेणारच, पण तोवर आमचा लवू मोंबासाला जाऊन मराठी पायाची ताकद दाखवील. टाळ्या पडल्या. मला बोलायला लावलं तेव्हा मी दोन विनोद केले. लोक हसले. मी जाणार आहे का, हे कोणी विचारलं नाही, आणि शाल अंगावर असताना मलाही सांगता आलं नाही.

अंबिकाबाईंनी माधवसाठी रव्याचे लाडू दिले. एकवीस, डब्यात, वरून फडकं बांधून. चार वर्षांत त्यांच्या हातचं त्याच्यापर्यंत पहिल्यांदाच जाणार होतं.

चाळीने मला लेझीम खेळत बॅलार्ड पिअरच्या फाटकापर्यंत पोचवलं. आत माणसं बोटीच्या शिडीशी रांगेत उभी होती. मीही उभा राहिलो. आणि तिथे माझ्या डोक्यात आलं ते मी आजवर कोणाला धड सांगितलेलं नाही. इथे मी वाईट खेळत होतो ते बुटांमुळे. हे सगळे मान्य करत होते, मीसुद्धा. पण तिकडे बूट नसताना वाईट खेळलो तर? मग दोष कोणाला द्यायचा?

मी रांगेतून बाजूला झालो. चपलेचा अंगठा तुटल्यासारखं केलं. ट्रंकांच्या ढिगामागे बसलो आणि बोट सुटेपर्यंत तो न तुटलेला अंगठा दुरुस्त करत राहिलो. मग दुसऱ्या फाटकाने बाहेर पडून वरळी गाठली.

मालनमावशीने दार उघडलं, माझ्याकडे बघितलं, ट्रंकेकडे बघितलं.

"मोंबासा म्हणतत तां ह्यांच काय रे, झिला?"

दोन दिवसांत परत जाऊन सांगेन असं मी तिला म्हणालो. पण कोणत्या तोंडाने? लेझीमवाल्यांच्या पायाचे गोळे अजून उतरले नसतील. मग म्हटलं आठवडा जाऊ दे. चौथ्या दिवशी मी पहिला लाडू खाल्ला. खराब होतील म्हणून, असं स्वतःला सांगितलं. रव्याचे लाडू चार दिवसांत खराब होत नाहीत हे मला माहीत होतं. डबा रिकामा झाल्यावर परत जाणं आणखी कठीण झालं. आधी नुसतं न गेल्याचं सांगायचं होतं, आता लाडवांचंही.

मावशी गिरणीत वाइंडिंगला, सूत गुंडाळायला होती. तिच्या खात्यात घोडपदेवच्या बायका होत्या. डिसेंबर संपता संपता तिने बातमी आणली की मी मोंबासात दोन गोल मारले.

मी म्हटलं, दुसरा कोणी लवू असेल. ती म्हणाली, चाळीच्या फळ्यावर खडूने लिहिलंय. वर आंदोलनाची बातमी, खाली तुझे गोल.

जानेवारीत माझे सात झाले. फेब्रुवारीत अकरा. गिरणीकडून सहा वर्षांत मी चार मारले होते, त्यातला एक आमच्यावरच. मी पिंपाला टेकून विचार करायचो की तो तिकडचा लवू बरा माणूस दिसतो.

फेब्रुवारीच्या शेवटी शेजारच्या जांबोरी मैदानावर संयुक्त महाराष्ट्र समितीची सभा होती. कर्णा घरापर्यंत ऐकू येत होता. पण सभेला न जाता घरात बसलेला माणूस चाळीत जास्त उठून दिसतो, म्हणून गेलो. पत्रकं वाटत कुशाबा समोर आले. त्यांनी परक्याला द्यावं तसं एक पत्रक मला दिलं. मग कोपराला धरून मला चहाच्या टपरीमागे नेलं.

"तू इथे नाहीस," ते म्हणाले.

"कुशाबा, मी गेलोच नव्हतो."

"ते मला डिसेंबरातच कळलं. अंबिकेची पत्रं कोण वाचतं?"

चाळीत ज्यांना वाचता येत नाही त्यांची पत्रं वाचण्याचा मान कुशाबांचाच होता. माधवने लिहिलं होतं की बोट आली आणि लवू उतरला नाही. साहेबाचं तिकीट फुकट गेलं. साहेबाने माधवला खोटा ठरवून फिटरवरून परत हेल्परवर घातलं. अंबिकाबाई समोर हात पुसत उभ्या होत्या, आणि कुशाबांच्या तोंडून निघालं की लवू पोचला, लाडू पोचले. एकदा पोचवल्यावर मी तिकडे काय करतो हे लोक विचारणारच. मग गोल आले.

"पण अकरा?" मी विचारलं.

"दहावर थांबणार होतो. त्या दिवशी चाळीत जरा उदास वाटत होतं."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते समजावत होते. म्हणाले, माधवचं नवं पत्र आलंय, जागा मार्चअखेरपर्यंत रिकामी आहे, तू आपल्या खर्चाने गेलास तर साहेब त्यालाही परत घेईल. गुपचूप जा. फळा पुसावा लागणार नाही. तू गेलास की सगळं खरंच होईल.

मला ते क्षणभर फार सोयीचं वाटलं. मग विचारलं, अंबिकाबाई काय म्हणतात.

कुशाबांनी हातातली पत्रकं उगाच सारखी केली. "दर रविवारी येते. म्हणते, ते लाडवाचं तेवढं परत वाचा."

दुसऱ्या दिवशी रविवारच होता. मी दुपारी घोडपदेवात गेलो. खाणावळीत पंगत बसली होती. वीसएक माणसं एकदम वळली. बोट कधी लागली, कोणीतरी विचारलं. मी म्हटलं, बोटीत बसलोच नाही, वरळीला मावशीकडे होतो.

सगळे हसले.

मी म्हटलं, खरंच सांगतोय. तर आणखी हसले. एकाने विचारलं, मग अकरा गोल कोणी मारले? मी म्हटलं, कुशाबांनी. एकाला ठसका लागला, त्याच्या पाठीत थापट्या मारायला लागल्या. लवू काही सुधारला नाही, परदेशात जाऊनसुद्धा, असं एकमेकांना सांगत ते हात धुवायला गेले. इतकं हसवणं मला आयुष्यात जमलं नव्हतं. जमिनीने गिळावं असं वाटत होतं.

अंबिकाबाई हसल्या नाहीत. पंगत उठेपर्यंत वाढत राहिल्या. मग पळी ठेवून समोर आल्या.

"लाडू?"

"मी खाल्ले."

"सगळे?"

"चार मावशीने."

मग मी बाकीचं सांगितलं. कुशाबांनी काय वाचलं आणि काय वाचलं नाही. माधव हेल्पर झाला, माझ्यामुळे. त्या खाली बसल्या. मग उठून त्यांनी फडताळातून पत्रांची चळत काढली आणि माझ्यापुढे ठेवली.

"आहे तसं वाच."

चार पत्रं होती. साहेबाचं होतं, हेल्परचं होतं, ते मी आवाज सपाट ठेवून वाचलं. पण डिसेंबरच्या पत्राच्या शेवटी माधवने लिहिलं होतं, "आई, दोन दिवस गोदीवर उभा होतो. लवू आला नाही. वाटेत त्याचं काही बरंवाईट तर झालं नाही ना? चौकशी करून कळव, जिवाला घोर लागला आहे." पुढच्या पत्रात तेच. त्याच्या पुढच्यातही. तीन महिने तो माणूस माझी काळजी करत होता आणि मी त्याचे लाडू खात होतो.

मी थांबलो.

"पुढे वाच," अंबिकाबाई म्हणाल्या.

वाचून झालं. मी म्हटलं, मी जातो. फुटबॉलचं राहू दे, खेळलो तर खेळलो. साहेबाला सांगतो की खोटा मी होतो, माधव नव्हे. माधवला काही द्यायचं असेल तर घेऊन जातो.

शेवटचं वाक्य निघून गेल्यावर कळलं आपण काय बोललो. त्यांनी शेजारून दौत-टाक मागवला.

"लिही. लवूला काही झालेलं नाही. तो वरळीला होता. काळजी सोड."

मी लिहिलं. स्वतःच्या हाताने, सुवाच्य अक्षरात.

"येतोय असं लिहू?"

त्या माझ्याकडे बराच वेळ बघत होत्या. सहा वर्षं दोन्ही वेळा मला वाढलेल्या बाई, जणू मी आज पहिल्यांदाच पंगतीला आलो होतो.

"नको," त्या म्हणाल्या. "उतरलास तर दिसशीलच त्याला."