राजाच्या छातीवरची लाल काच

मी एक जुनी खिडकी आहे. म्हणायला एक, पण माझ्यातली रंगीत काच निदान पाच खिडक्यांची आहे, आणि हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत. कान मला नऊ आहेत. मोजून घ्या.

मित्रांनो, नॉरफोकमधल्या स्टोक मार्लिंग गावच्या चर्चमध्ये, दक्षिणेच्या भिंतीत माझा मुक्काम आहे. येणारा-जाणारा मला नावं ठेवतो. एक म्हणतो, "पॅचवर्क आहे झालं." दुसरा चष्मा पुसत म्हणतो, "मोझॅइक म्हणवत नाही हो, हॉचपॉच आहे नुसतं!" तुकडे जोडून केलेल्या वस्तूंसाठी या इंग्रजांकडे पोतंभर शब्द आहेत. त्यातला एकही कुणी माझ्याकडे बघून प्रेमानं उच्चारत नाही.

माझा जन्म सहाशे वर्षांपूर्वीचा. तेव्हा आम्ही पाच बहिणी होतो, आणि प्रत्येकीत एकेक सुबक चित्र होतं. मग शिपाई आले. देवाच्या घरात चित्रं नकोत म्हणाले आणि भाल्यांच्या दांड्यांनी आमचा चक्काचूर केला. गावातल्या बायकांनी तुकडे टोपल्यांत भरून एका कोठारात पेंढ्याखाली लपवले. तिथं आम्ही दोनशे वर्षं पडून होतो. अखेर एका कारागिरानं ते शिशाच्या पट्ट्यांत जोडून मला उभं केलं. पण त्या भल्या माणसाला ईस्टरच्या आत काम उरकायचं होतं! म्हणून बिशपचं डोकं मेंढीच्या अंगावर बसलं. एका देवदूताचा पंख राजाच्या कानातून उगवला आणि दुसरा देवदूत उलटा लटकतोय, तो आजतागायत. मी काय मागितलं होतं असं?

तरी मी निमूट उजेड देत राहिले. लहान मुलं प्रार्थनेत कंटाळली की मेंढी शोधत बसायची. तेवढंच माझं कौतुक.

अडुसष्ट वर्षांपूर्वी शेजारच्या मैदानात क्रिकेट चाललं होतं. विल्फ लारवुडनं असा काही षटकार मारला की चेंडू थेट राजाच्या छातीतून आत आला. विल्फ गावात काचा बसवायचंच काम करायचा. तो ओशाळला बिचारा. तशी लाल काच त्याला कुठंच मिळेना, तेव्हा त्यानं आपल्या सायकलच्या मागच्या दिव्याची काच काढली, कातरली आणि माझ्यात बसवली. खाली शिडी धरून त्याची सोळा वर्षांची बहीण एनिड उभी होती. ती म्हणाली, "अरे, राजा आता मागून गाडी आली तर दिसेल तरी!" दोघं पोट धरून हसले. त्याच हिवाळ्यात विल्फ मासेमारीच्या बोटीवर गेला. बोट परत आली नाही. कबर नाही, काही नाही. विल्फचं म्हणून गावात उरलं ते माझ्यातलं बोटभर लाल.

तेव्हापासून एनिड दर रविवारी एकाच बाकावर बसते. अकराच्या सुमारास ऊन माझ्यातून उतरतं आणि तिच्या भजनाच्या पुस्तकावर लाल ठिपका पडतो. ती त्यावर अंगठा ठेवते. एवढंच. आता ती चौऱ्याऐंशीची आहे.

गेल्या वर्षी जुन्या काचांच्या जाणकार डॉक्टर अॅशवर्थ आल्या. मला वाटलं, संपलं, आता ही बाई माझे तुकडे सुटे करणार. पण त्या तर म्हणाल्या, "हा विस्कळीतपणा हाच हिचा इतिहास! एक तुकडा हलवू नका." सहाशे वर्षांत कुणी माझ्याबद्दल असं बोललं नव्हतं. मी खूश! तेवढ्यात त्यांनी दुर्बीण लावली. "अगंबाई, हा सायकलचा दिवा? हा काढलेला बरा. मूळ जोडकामात नव्हता ना."

ऐकलंत? म्हणजे भेसळसुद्धा यांना शुद्ध हवी!

मग चर्चच्या समितीची बैठक झाली, माझ्यासमोरच. सात माणसं, त्यांत एनिडही, चहाची किटली आणि आल्याची बिस्किटं. पाद्रीबाईंनी विचारलं, "लाल काच काढण्याला कुणाची हरकत?" व्यवस्थापक क्लाइव्ह गुडरम खोकला. कुणी बिस्किट बुडवलं. सगळ्यांनी चोरून एनिडकडे पाहिलं. अगं बोल की! ती गोड हसली आणि म्हणाली, "छे छे, माझी कसली हरकत? जाणकारांना जास्त कळतं." झालं! ठराव एकमतानं मंजूर. या लोकांचं घर जळत असलं तरी ते म्हणतील, जरा उबदार वाटतंय, नाही?

मार्चमध्ये टेरी नावाचा कारागीर शिडी घेऊन आला. एनिडनं त्याच्यासाठीही चहा आणला. त्यानं पटाशी लावली आणि थांबला. "मिस लारवुड, ही तुमच्या भावाची ना? खरंच काढू?"

"काढा, काढा," ती म्हणाली. "तुमचा चहा गार होईल."

माझं शिसं करकरलं. ते कुणाला ऐकू गेलं? टेरीनं तो तुकडा पाकिटात घालून तिच्या हाती दिला आणि राजाच्या छातीत साधी पांढरी काच बसवली.

पुढच्या रविवारी तिच्या पुस्तकावर नुसतंच ऊन पडलं. प्रार्थनेनंतर कॉफी पिताना क्लाइव्ह एनिडजवळ कुजबुजला, "खरं सांगू का? मला ती काढायची नव्हतीच. पण तुम्हीच चालेल म्हणालात." पाद्रीबाई म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्हा सगळ्यांना हवंय." डॉक्टरबाईंचं पत्र आलं. गावाचा त्या काचेवर जीव असेल तर त्यांचाही आग्रह नव्हता, त्यांनी फक्त सुचवलं होतं! नऊ कान असून मी असं ऐकायचं! सातांची सात डोकी एकमेकांवर आपटावीत असा संताप आला मला. आता ती काच परत बसवायची तर बिशपच्या कचेरीची परवानगी हवी. त्याला दोन वर्षं लागतात. क्लाइव्ह अर्ज लिहायला तयार होता. पण एनिड म्हणाली, "राहू द्या हो, कशाला उगाच सगळ्यांना त्रास?"

आता भजन सुरू झालं की ती पर्समधून पेपरमिंटची रिकामी डबी काढते. त्यातली लाल काच उन्हात धरते. हात थरथरतो, म्हणून ठिपका पुस्तकावर ठरत नाही. तो बाकावर पळतो, शेजारणीच्या टोपीवर जातो, कधी फरशीवर. दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं ती त्याला धरायला बघते. गेल्या रविवारी सगळे गेल्यावर ती माझ्यापाशी आली आणि हळूच म्हणाली, "तेव्हा बोलायला हवं होतं गं मी."

मित्रांनो, जुन्या वस्तूंवरची धूळ पुसा, त्यांची डागडुजी करा, ते कराच. पण आधी एक करा. माझ्यात तोंडं पाच आहेत. राजाचं, बिशपचं, दोन देवदूतांची आणि एका सिंहाचं. त्यातलं एकही त्या दिवशी उघडलं नाही, कारण ती काचेची आहेत. तुम्हाला एकच आहे, पण ते उघडतं. चहा गार झाला तरी चालेल, वेळेवर उघडा.