चढणीवरची ठकठक

देवरावच्या मोटारीत कोणीतरी आतून ठोकतं, असं ढाणकीच्या बाजारात बोललं जाऊ लागलं, तेव्हा त्याच्या बायकोनं, प्रभावतीनं, ते हसण्यावारी नेलं. न्यावंच लागलं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव नदीत सोडले होते. भूत, भानामती, उतारे, सगळ्यांना उंबऱ्याबाहेर काढलं होतं. आता इंटरपर्यंत शिकलेल्या सुनेनंच असल्या गोष्टींना कान द्यायचे?

पण कान तिचे फार तिखट होते. सुजाता झाल्यापासून तर ते झोपेतही जागे असायचे. पोरीची छाती वरचेवर भरायची, आणि डॉक्टर चढणीपलीकडे, पुसदला. त्या वाटेनं भाड्याची मोटार एकच, नवऱ्याची. म्हणून ती मोटार कुठं अडते, यावर प्रभावतीचा जीव टांगलेला असे.

आधी ती चढणीच्या वळणावर हमखास अडायची. तिथं शेंदूर फासलेला एक दगड होता. इंजिन तापायचं, देवराव पाणी ओतायचा आणि तोवर उतारू दगडापाशी एकेक खडा ठेवून यायचे. असंच एकदा भर दुपारी इंजिन निवायची वाट पाहताना पोरीचे ओठ निळे पडले. त्या दिवशी पोरगी वाचली, पण देवराव पुरता हादरला. नागपूरला जाऊन त्यानं लष्करी गाड्यांच्या भंगारातून सुपरचार्जर उचलून आणला. पट्ट्यावर फिरून इंजिनात जबरदस्तीनं हवा कोंबणारं यंत्र. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त जोर.

मोटार शीळ घालत चढण चढू लागली. वळणावर थांबणं संपलं आणि खडे ठेवणंही. आणि त्याच सुमारास ती ठकठक सुरू झाली. सपाटीवर नाही, उतारावर नाही. फक्त चढणीवर, वळण जवळ आलं की.

"तुमी थांबत नाही ना आता," सासू रुखमाबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "म्हून थे ठोकते."

देवरावला काहीच ऐकू येत नव्हतं. कापसाच्या जिनिंगमध्ये वर्षानुवर्षं यंत्रांपाशी राबून त्याचे कान बारीक आवाजाला कायमचे मुकले होते. त्यानं बायकोला विचारलं, "तू बसलीवती ना परवा. तुले आलं का वं काही ऐकू?"

आलं होतं. स्पष्ट आलं होतं. पण हो म्हणायचं म्हणजे सासूच्या आणि बाजाराच्या पंगतीला जाऊन बसायचं.

"लोकांचं काय ऐकता," ती म्हणाली.

उन्हाळ्याच्या शेवटी पोरीची छाती पुन्हा भरली. प्रभावती तिला घेऊन पुढं बसली. मागं तांड्यावरच्या रुपीबाई आणि जमनी. चढण लागली, शीळ चढत गेली आणि ठकठक आली. बंद दारावर बोटाच्या पेरांनी कोणी वाजवावं, तशी. आधी थांबत थांबत, मग घाईनं. रुपीबाई बोलता बोलता गप्प झाली. प्रभावतीच्या तळव्यांखालून तो आवाज वर चढत होता, आणि मांडीवर पोरीची घरघर.

"थांबवा," ती म्हणाली.

"काय झालं?"

"ठोकतंय. मला ऐकू येतं. मागेही आलं होतं."

देवरावनं तिच्याकडं पाहिलं ते भुताला घाबरलेल्या बायकोकडं पाहावं तसं नाही. त्याचा चेहरा पांढरा पडला. वळणावर, दगडासमोरच, त्यानं गाडी उभी केली, चावी फिरवली आणि काढून घेतली.

इंजिन थांबलं नाही.

चावी त्याच्या मुठीत होती आणि मोटार अडखळत, धापा टाकत चालूच होती. जमनी पदर तोंडात धरून खाली उतरली. देवरावनं ब्रेक दाबून गिअर टाकला, क्लच सोडला; एक मोठा हिसका बसला आणि सगळं गप्प झालं.

"आत काजळीचा कोळसा धरलाय, तो निखाऱ्यावानी लाल झाला," तो हळू म्हणाला. "पेट्रोल त्याच्यावरच पेटून राह्यलं. ठिणगी पडायच्या आधीच पेटते, म्हून ठोकते. पिस्टन फुटलं असतं. तू पहिलेच सांगतलं असतं त..."

इंजिन निवल्यावर मागच्या दोघी पायी चढल्या आणि मोटार हलक्या पायानं वर गेली. डॉक्टरनं सुई दिली. संध्याकाळपर्यंत पोरगी दूध प्यायली.

मग देवरावनं इंजिन खोललं. कोळसा खरवडला, हेडखाली जाड पॅकिंग घातलं, दाब उतरवला. सुपरचार्जरला मोठी पुली लावून त्याचा वेग कमी केला, ठिणगीची वेळ मागं घेतली. जोर थोडा गेला. पण पोरीला न्यायची गाडी भरवशाची हवी होती. पोरीला रुखमाबाईपाशी ठेवून तो प्रभावतीला घेऊन निघाला. कान तिचेच लागणार होते.

चढण लागली. "हाय का?"

"नाही."

वळण जवळ आलं. "आता?"

"नाही हो. एकदम साफ चालतंय."

वळणावर त्यानं गाडी उभी केली. का, ते तिनं विचारलं नाही. चावी फिरवताच इंजिन गप्प झालं, शहाण्यासारखं. दुपार होती. पळसाचं एक पान हलत नव्हतं. देवराव दोन्ही हात चाकावर ठेवून समोर बघत राहिला. त्याच्या कपाळावर घाम होता.

"आता?" त्यानं विचारलं.

इंजिन तर बंद होतं. प्रभावतीनं दगडाकडं मान किंचित वळवली आणि ऐकलं. बराच वेळ ऐकलं.

"चला," ती म्हणाली, "पोरगी उठली असेल."