आपण म्हणजे नक्की कोण

माझा नवरा नेते घडवतो. निदान त्याच्या कार्डावर तरी तसं छापलंय: 'नेतृत्व विकास सल्लागार'. त्याआधी तो एका कंपनीत नोकरीला होता. तिथे त्याच्या हाताखाली एकच माणूस होता, आणि तोही बदली मागून निघून गेला. तेव्हा याला साक्षात्कार झाला की माणसं सांभाळणं ही शिकवायची गोष्ट आहे, करायची नव्हे. नोकरी सोडली, दोन चांगले कोट शिवले, आणि तेव्हापासून हॉटेलांच्या थंडगार हॉलमध्ये तो मोठमोठ्या साहेबांना डोळे मिटून एकमेकांच्या अंगावर पडायला लावतो. त्याला विश्वास म्हणतात. साहेब पडतात, मग पोटभर जेवतात, मग याला पुन्हा बोलावतात. सासूबाई एवढंच म्हणतात, "लोकां सांगे ब्रह्मज्ञान..." आणि मुलगा स्वतःचाच असल्यामुळे पुढचं गिळून टाकतात.

त्याचा सगळा डोलारा एका शब्दावर उभा आहे. तो शब्द म्हणजे 'आपण'. चांगला नेता 'मी' म्हणत नाही, 'तुम्ही' तर मुळीच म्हणत नाही. 'तुम्ही उशीर केलात' असं नाही म्हणायचं, 'आपल्याला उशीर झाला' म्हणायचं. ऐकायला गोड आहे. पण या शब्दाबरोबर मी संसार केलाय, मला विचारा. 'आपण चहा करूया का?' म्हणजे चहा मी करायचा. 'आपण आईला दवाखान्यात न्यायला हवं' म्हणजे रजा मी टाकायची. 'आपण हल्ली फार चिडतो' म्हणजेही मीच.

ताई माझी मोठी बहीण. एका छापखान्यात बाइंडिंग खातं सांभाळते. तिचा नवरा गेल्यापासून घर तिच्या एकटीच्या पगारावर चालतं आणि लेक अजून शिकतेय. छापखान्याच्या मालकांना तिनेच सांगितलं होतं, "आमचे भावोजी छान शिकवतात, एकदा बोलावून तर बघा." मालकांनी बोलावून बघितलं. मग सोडलंच नाही.

पुढे छापखान्यात पानांच्या घड्या घालून पुस्तक चिकटवणारं नवं यंत्र आलं आणि बाइंडिंग बंद होणार अशी कुजबुज सुरू झाली. पलीकडच्या रस्त्यावर वह्यांचा कारखाना आहे. त्यांनी ताईला बोलावणं पाठवलं. पगार थोडा कमी, पण जागा पक्की. शनिवारपर्यंत काय ते कळवा, म्हणाले. त्याच शनिवारी मालक सगळ्यांशी बोलणार होते. ते ऐकावं आणि मग ठरवावं, असं ताईने मनाशी धरलं.

त्या शनिवारी नवरा घरी आला तो हवेतच.

"एकही माणूस रडला नाही!"

"रडायला काय झालं होतं?"

"अगं, अवघड संवाद होता. मालकांकडून आठवडाभर घोकून घेतलं. शेवटी लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या! आता वर्षभराचं काम नक्की."

अवघड म्हणजे काय, ते मात्र सांगेना. म्हणे गुप्ततेच्या कागदावर सही केलीय. घरात गाद्या कुठे ठेवतात हे ज्याच्या कधी लक्षात राहिलं नाही, तो मालकांचं गुपित मात्र तळहाताच्या फोडासारखं जपत होता.

संध्याकाळी ताई जेवायला आली, तीही हवेतच. एवढ्याशा घरात दोन माणसं हवेत आणि जमिनीवर वाढायला मी एकटी.

"उगाच जीव टांगणीला लावून बसले होते गं," ती पानावर बसता बसता म्हणाली. "मालक इतकं छान बोलले! म्हणाले, आपण बाइंडिंग थांबवतोय, आपण आता नव्या वाटेने जाणार आहोत. म्हणजे नव्या यंत्रावरच घेणार की सगळ्यांना! इतकी वर्षं 'ए बाइंडिंग' म्हणून हाक मारायचे, आज सारखं आपलं 'आपण, आपण'."

मी नवऱ्याकडे बघितलं. त्याचा घास हातातच राहिला होता. हे 'आपण' म्हणजे कोण, ते मला तेवढ्यात कळलं.

"पुढचं कधी आहे?" मी त्याला विचारलं. "पत्रं कधी देणार?"

"सोमवारी," तो पुटपुटला.

"कसली पत्रं?" ताई म्हणाली.

नवऱ्याने घसा खाकरला. "ताई, बदल म्हणजे एक संधी असते. आपण तिच्याकडे खुल्या मनाने..."

"अहो, तेच तर म्हणतेय मी!" ताईने पर्समधून फोन काढला. "त्या वहीवाल्यांना नाही म्हणून कळवून टाकते. बिचाऱ्यांना ताटकळत ठेवणं बरं नाही. त्यांच्याकडे दुसरी बाई तयार आहे."

चष्मा कपाळावर चढवून, फोन नाकाशी धरून, ती एकेक अक्षर शोधायला लागली. मला असा संताप आला की हातातली पळी नवऱ्याच्या डोक्यात घालावी. मी सांगू शकत होते. पण मला ते त्याच्याच तोंडून ऐकायचं होतं. उंटावरून शहाणपण शिकवणाऱ्याने एकदा तरी खाली उतरावं, असं मला फार वाटत होतं.

"बोल," मी म्हटलं. "आणि सरळ बोल."

तो माझ्याकडे बघे, मग ताईच्या बोटाकडे. मालकांच्या कानावर गेलं तर वर्षभराचं काम बुडालं, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. ताईचं लिहून झालं. तिने एकदा ओठ हलवत वाचून बघितलं.

"ताई, पाठवू नका."

"का हो?"

"आपल्याला..." तो अडखळला. "तुम्हाला काढलंय. सगळ्या बाइंडिंगलाच."

चेष्टा समजून ताई हसली. मग हसायची थांबली.

"कोणी काढलं?"

त्याने हातातला घास ताटात परत ठेवला.

"आम्ही," तो म्हणाला.