जाऊ देणारी माणसं

नाक मुरडू नका, हवं तर जरा लांबून ऐका. मी रद्दीची टोपली आहे, एका वर्तमानपत्राच्या संपादकीय खोलीतली. आयुष्यभर लोकांची फेकलेली वाक्यं मुकाट्यानं गिळली. आज तोंड उघडतेय, कारण आता पोटात मावेना.

वेताची विणून मला विकायला ठेवली, तेव्हा विणणारी बाई गिऱ्हाइकाला म्हणाली होती, "यात बाळाची दुपटी छान राहतील." गिऱ्हाईक निघालं वर्तमानपत्राचं. दुपटी राहिली बाजूला, माझ्या नशिबी कागदाचे बोळे आले. पण खोटं कशाला बोलू? मला ते काम आवडलं.

माझी जागा एका उपसंपादकाच्या पायाशी होती. बातमीदारांचं लिखाण तपासायचं आणि वाकडं दिसेल ते खोडायचं, हे त्यांचं काम. सगळे त्यांना मागून 'खोडरबर' म्हणत आणि समोर 'दादा'. प्रत्येक बातमी ते मोठ्यानं वाचत आणि शब्दाचा जो अर्थ आहे तोच धरून चालत. लिहिणारा त्यात अडकला, की बोळा माझ्या तोंडात.

"'दिवसाच्या शेवटी नागरिकांना पाणीच हवे आहे.' का रे? सकाळी अंघोळी करत नाहीत का ते?"

"दादा, इंग्रजीत तसं म्हणतात," बातमीदार कुरकुरला.

"मग इंग्रजीत पाणी मागू दे त्यांना!"

दुसऱ्यानं लिहिलं होतं, जलवाहिनी फुटल्यामुळे प्रशासनासमोर आव्हान उभे आहे. दादा कडाडले, "आव्हान कसलं? भोक आहे ते. भोक लिही. भोक म्हटलं की बुजवावं लागतं. आव्हान काय, नुसतं पेलत बसता येतं."

तुम्हाला वाटेल, म्हातारा इंग्रजीवर दात धरून होता. मुळीच नाही. टेबल, पेन, फोन, तिकीट हे शब्द त्यांच्या तोंडी घरच्यासारखे नांदत. क्रीडा पान सांभाळणारी मुलगी त्यांना भीत नसे. ती एकदा म्हणाली, "दादा, भाषा बदलतच असते. तुमच्या आजोबांना तुमची तरी कुठे पटायची?"

"बदलू दे की," दादा म्हणाले. "लाकडी खुर्ची गेली, लोखंडी आली, मी बसलोच ना? पण खुर्ची म्हणून नुसतं चित्र दाखवलंत, तर मी आपटणार आणि बोंबलणारही."

मग संगणक आले. बोळे आटले. माझ्यात चहाचे कागदी पेले आणि केळ्याची सालं पडू लागली. आणि आले नवे साहेब. तरुण, चटपटीत, वागायला गोड. पण सरळ बोलायचं म्हटलं की जीभ टाळूला चिकटायची. वेळ नसला तर 'बँडविड्थ नाही'. टाळायचं असलं तर 'सर्कल बॅक करतो'. 'मला लूपमध्ये ठेवा' म्हणाले, तेव्हा दादा पुटपुटले, "गळ्यात घालू की पायात?" टेबलं हलवून खोलीत दोन जास्तीच्या खुर्च्या कोंबल्या, त्याला म्हणे 'रिस्ट्रक्चरिंग'.

अशात दादांच्या थोरल्या बहिणीच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं. ती परगावी एकटी राहणारी. दादांनी रजा मागितली. उत्तर येईना. ते रोज विचारत, साहेब रोज सर्कल बॅक करत. अखेर एका दुपारी साहेब स्वतःच आमच्या टेबलापाशी आले.

"दादा, मी तुमच्याशी ट्रान्सपरंट असणार आहे. आपलं रिस्ट्रक्चरिंग चाललंय. सो... आम्ही तुम्हाला जाऊ देतोय."

दादांचा चेहरा उजळला. "देव तुमचं भलं करो! मला वाटलं होतं, नाहीच म्हणाल. कधीपासून?"

"उद्यापासून. तुम्ही हे इतकं पॉझिटिव्हली घ्याल, असं वाटलं नव्हतं."

"अहो, ताई डोळ्यांत प्राण आणून वाट बघतेय! परत कधी—"

"हवा तेवढा वेळ घ्या," साहेब घाईनं म्हणाले. "पुढच्या प्रवासाला शुभेच्छा."

"सकाळची गाडी आहे. उजेडी पोचेन," दादा म्हणाले आणि चष्म्याचं घर खिशात टाकून निघालेसुद्धा.

मी खालून ओरडत होते. पण टोपलीचं ऐकतो कोण? जन्मभर शब्दाला शब्द मानलेला माणूस. 'जाऊ देतोय' म्हणजे जाऊ देतोय, एवढंच त्याला कळलं.

संध्याकाळी साहेबांनी खोलीत सांगितलं, की दादांनी फार ग्रेसफुली घेतलं. क्रीडा पानवाली ताडकन उठली. "साहेब, ते रजेवर गेलेत! तुम्ही काढलंय, हे त्यांना कळलेलंच नाही."

"मी क्लिअरली कम्युनिकेट केलं होतं."

"मग फोन करून परत करा ना क्लिअर! परतल्यावर सगळ्यांसमोर शोभा होईल त्यांची."

"येस. मी सर्कल बॅक करतो."

फोन काही केला नाही. शेवटी तिनंच स्पीकरवर फोन लावला. पलीकडे दादा पट्टी बांधलेल्या बहिणीला पेपर वाचून दाखवत होते. मधेच म्हणाले, "आपला पेपर वाईट, पण माणसं चांगली हो. मागितल्यावर सोडलं मला." पोरीनं तब्येत विचारली आणि फोन ठेवला. तिलाही ते क्रियापद उच्चारवलं नाही.

बहीण बरी झाल्यावर दादा परतले. त्यांच्या खुर्चीवर कोणी दुसराच बसला होता. साहेब धावत आले. "दादा, आपलं बोलणं झालं होतं. तुम्हाला ट्रान्झिशन—"

दादांना आत्ता उमगलं. टेबलाची कड धरून ते उभे राहिले. चेहरा पांढराफटक, पण आवाज प्रूफ वाचतानाचा. "काय केलंत तुम्ही मला?"

"रिलीज केलं... म्हणजे तुमची भूमिका आता—"

"क्रियापद सांगा, साहेब. त्याशिवाय मी हलणार नाही. माझ्या बहिणीला मी घरी जाऊन काय सांगू? ट्रान्झिशन झालं?"

साहेबांनी खोलीभर नजर फिरवली. मदतीला कोणी येईना. घाम पुसून ते हळूच म्हणाले, "तुम्हाला... कामावरून काढलंय, दादा. मला तोंडावर सांगायची लाज वाटली."

"हां," दादा म्हणाले. टेबलाची कड सोडली. मग म्हणाले, "या वाक्यात खोडण्यासारखं काही नाही." आणि क्रीडा पानवालीच्या डोक्यावर हात ठेवून जिना उतरून गेले.

शब्द कुठूनही येवोत, माझं काही म्हणणं नाही. भाषा बदलते, बदलावीच. पण माणसाचं तोंड चुकवायला शब्द आणलात, तर ज्याला सांगायचं त्यालाच अंधारात ठेवता. वाईट बातमीसुद्धा माणसाच्या हक्काची असते, ती तरी त्याला धड द्या.

आता मलाही दाराशी आणून ठेवलंय. प्लास्टिकचा डबा आलाय. साहेब शिपायाला म्हणाले, हिला नवं आयुष्य देऊ या. अहो, जाळणार असाल तर जाळतो म्हणा. वेत आहे मी. चांगली पेटेन.