शून्य बरोबर एक

हिल्लेवीने त्या चार ओळी पुन्हा तपासायला दिल्या आणि ती उभीच राहिली. पडद्यावर हिरवी खूण उमटली. गणिताच्या सिद्धता पडताळणाऱ्या त्यांच्या प्रणालीने शून्य आणि एक सारखेच असल्याचं बिनतक्रार मान्य केलं होतं.

लॅपटॉप तसाच उघडा धरून ती टॉर्केलच्या खोलीत गेली. गोथेनबर्गच्या विद्यापीठातली त्याची ती शेवटची दुपार. तो पुस्तकं खोक्यांत भरत होता.

"न संपणारी यादी आहे," ती म्हणाली. "पहिला आकडा शून्य. पुढचा प्रत्येक आकडा स्वतःपेक्षाच एकाने मोठा."

"असा आकडा असतो होय?"

"नसतोच. यंत्र जन्मभर शोधत बसेल. तरी आपल्या नियमाने ही व्याख्या चालवून घेतली."

जुना नियम कडक होता. अशी यादी तयार करणाऱ्या फलनाने, म्हणजे फंक्शनने, आधी एक आकडा हातावर ठेवायचा, मगच स्वतःला पुन्हा बोलवायचं. या दोघांनी तो सैल केला होता: मध्ये दुसरं फलन आलं तरी चालेल, फक्त ते स्वतः जितके आकडे देईल त्यापेक्षा जास्त त्याने खाऊ नयेत.

टॉर्केलने पडद्याकडे पाहिलंही नाही.

"खादाड फलन दुसऱ्याच्या पोटात लपवलंस ना?"

तिने ते अजून सांगितलं नव्हतं.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"छापायला देण्याआधी खटकलं होतं. म्हटलं, इतक्या आडवाटेने कोण जातंय."

"आणि मला बोलला नाहीस?"

"तुझी नोकरी त्या शोधनिबंधावर अडली होती, बाई. वर नियमाला नाव तुझं एकटीचं दिलं. लोक म्हणाले, काय मोठं मन आहे!"

"मीही तेच म्हणत आले."

"आजच्या दिवस राहू दे. बाहेर माझा केक कापायचाय. सोमवारी सांग."

"यावर विसंबून लोक रेल्वेचे सिग्नल तपासतात, टॉर्केल."

तो पुस्तकं भरू लागला.

आपल्या खोलीत येऊन तिने प्रणाली वापरणाऱ्या सगळ्यांना उद्देशून लिहायला घेतलं. नियम चुकीचा आहे, त्यावर उभ्या सिद्धता पुन्हा तपासा. टॉर्केलला हे माहीत होतं, असं एक वाक्य तिने लिहिलं, थोडा वेळ त्याकडे बघितलं आणि काढून टाकलं. मग पत्र पाठवून दिलं.

बाहेर बदामाचा केक कापून झाला होता. ती बशी घेऊन खिडकीपाशी उभी राहिली. घोळक्यातून जरा बाजूला होऊन टॉर्केल फोनवर काहीतरी टाइप करत होता. थोड्याच वेळात तिचा फोन थरथरला. तिच्या पत्राखाली, सगळ्यांना दिसेल असं, त्याचं उत्तर आलं होतं:

"हिल्लेवीच्या प्रामाणिकपणाचं मनापासून कौतुक. या नियमाबद्दल मला सुरुवातीपासूनच शंका होती."

तिने ते पुन्हा वाचलं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

"हिल्लेवी!" ऑफिस सांभाळणारी सिग्ने टाळ्या वाजवत ओरडली. "चल, पहिली तू बोल. तुझ्यासाठी त्याने काय नाही केलं!"

सगळे तिच्याकडे वळले. तिने बशी खिडकीत ठेवली.